कोर्दोबा : वास्तू आणि ताट

इतिहास म्हणजे सनावळी, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. दक्षिण स्पेनमधील कोर्दोबा शहरी अभ्याससहलीस जाणाऱ्या गटास मात्र इतिहासाची दोन साधने एकाच दिवशी पाहावयास मिळतात. एक तेथील वास्तू व दुसरे तेथील ताट.

ग्वादलकिवीर नदीकाठचे हे शहर प्रथम रोमनांचे होते. इ. स. ७११ मध्ये ते मुस्लिम सत्तेखाली आले आणि दहाव्या शतकात खिलाफतीची राजधानी बनले. पहिल्या अब्द अर्‌-रहमानाने आठव्या शतकात येथील मोठी मशीद आरंभिली. तिचे बरेच खांब जुन्या रोमन इमारतींतून आणलेले होते. त्यांची उंची अपुरी पडल्याने कमानीवर दुसरी कमान चढविण्यात आली. १२३६ मध्ये तिसऱ्या फर्डिनंडने शहर जिंकल्यावर मशिदीचे चर्च झाले. सोळाव्या शतकात तिच्या मधोमध कॅथीड्रल उभारले गेले. आज एकाच छपराखाली दोन्ही दिसतात.

आता ताटाकडे वळू. तळलेल्या वांग्याच्या कापांवर उसाची काकवी घालून खाणे ही येथील आवडती रीत आहे. वांगे आणि ऊस दोन्ही पूर्वेकडचे; अरबांनी ते स्पेनमध्ये रुजविले. वांग्याला स्पॅनिशमध्ये म्हणतात ‘बेरेनहेना’, ते अरबी ‘बादिंजान’वरून. साखरेला म्हणतात ‘आथूकार’. हा शब्द अरबीमार्गे थेट संस्कृत ‘शर्करे’पर्यंत पोहोचतो. मशिदीच्या अंगणातील नारिंगाचे नावही असेच आपल्याकडून तिकडे गेलेले. ‘साल्मोरेखो’ हे दाट थंड सार पाव, लसूण, ऑलिव्ह तेल व टोमॅटो वाटून करतात. यातील टोमॅटो अमेरिकेचा. म्हणजे १४९२ नंतरचा.

त्याच १४९२ मध्ये ज्यूंना आणि १६०९ ते १६१४ या काळात धर्मांतरित मुस्लिमांच्या वंशजांना स्पेनमधून घालवून देण्यात आले. राजाज्ञेने माणसे गेली. त्यांचे वांगे, साखर व शब्द मात्र घराघरांत राहिले. जेत्यांच्या बखरींत ज्यांना जागा नाही, त्यांचा पुरावा असा स्वयंपाकघरात सापडतो.

आपल्या घरचा ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजच आहे. तेव्हा परंपरा ‘शुद्ध’ असल्याचा दावा कोणी केल्यास, इतिहासाच्या विद्यार्थ्याने आधी आपल्या ताटातील जिन्नस व त्यांची नावे तपासावीत.