हमीच्या मुदतीतील लॅपटॉप : दुरुस्ती की बदल?

शाळेसाठी घेतलेला लॅपटॉप हमीच्या मुदतीत बिघडल्यास तो बदलूनच मिळावा, असा आग्रह प्रारंभीच धरणे उचित नव्हे. कळफलक वा बॅटरीचा दोष सुटा भाग बदलून दूर होतो. मात्र तोच दोष पुनःपुन्हा उद्भवत असेल, तर नव्या यंत्राची मागणी लेखी करावी. तेथे दुरुस्तीच्या दिनांकित पावत्याच कामी येतात. तोंडी आश्वासने नव्हेत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३९ अन्वये जिल्हा आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा आदेश देऊ शकतो. तक्रारीस मुदत दोन वर्षांची आहे. यंत्र दुरुस्तीस देण्यापूर्वी त्यातील माहितीची प्रत काढून घ्यावी. बदलून आलेल्या यंत्राचा अनुक्रमांक जडवस्तू नोंदवहीत चढवावा. नेमके हेच बहुधा राहून जाते आणि लेखापरीक्षणात जुने यंत्र कोठे गेले, असा प्रश्न मुख्याध्यापकांपुढे उभा राहतो.