गिधाडे कोठे गेली?

गावाबाहेर ज्या जागी मेलेली गुरे टाकीत, तेथे पूर्वी घटकाभरात गिधाडांचा थवा उतरत असे, आणि पाहता पाहता केवळ हाडे उरत. वडील माणसांस तो देखावा आठवतो. मुलांनी तो बहुधा पाहिलेलाच नाही. हे पक्षी कशाने नाहीसे झाले, व बदललेल्या परिस्थितीशी त्यांस का जुळवून घेता आले नाही, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

प्रथम कारण पाहू. १९९० नंतरच्या वर्षांत दुखणाईत गुरांस डायक्लोफेनॅक नावाचे स्वस्त वेदनाशामक औषध देण्याचा प्रघात पडला. औषध दिल्यावर जनावर लवकरच मेले, तर त्याच्या मांसात त्याचा अंश राही. ते मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत व ते थोड्याच दिवसांत मरे. १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारामागे सुमारे एक एवढीच उरली. हे कारण २००४ साली पाकिस्तानातील संशोधनाने उघड झाले. ध्यानात घ्या, औषध देणाऱ्याचा हेतू गुरावर दया करण्याचाच होता. तरी त्याच्या हातून नाश घडला.

आता दुसरा प्रश्न. जुळवून घेणे म्हणजे एखाद्या प्राण्याने मनाशी ठरवून देह पालटणे नव्हे. ज्यांच्या अंगी उपयोगी गुण आधीच असतो ते वाचतात, आणि तो गुण त्यांच्या संततीत वाढतो. आफ्रिकेतील मोझांबिक देशात १९७७ ते १९९२ पर्यंत यादवी युद्ध झाले. गोरोंगोसा येथील हत्तींपैकी दहांतील नऊ मारले गेले, कारण हस्तिदंत विकून पैसा मिळे. जन्मतः सुळे नसलेल्या माद्या मात्र अधिक वाचल्या. पूर्वी अशा माद्या शेकडा १८ च्या आसपास होत्या. युद्धानंतर त्या शेकडा ५० झाल्या. परंतु हा लाभ फुकटचा नव्हे. तोच गुण नर गर्भात उतरला तर तो गर्भ जगत नाही, असे संशोधकांस दिसून आले आहे.

गिधाडांस एवढीही सवड मिळाली नाही. गिधाडाची मादी वर्षास एकच अंडे घालते, आणि पिल्लू वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. पंधरा वर्षे म्हणजे जेमतेम तीन पिढ्या! उलट, पुष्कळ पिल्ले देणारी मोकाट कुत्री त्याच मढ्यांवर वाढली, आणि त्यांच्याबरोबर पिसाळ रोगाचे भयही वाढले.

तेव्हा जेथे प्राण्यास बदलता येत नाही, तेथे मनुष्यानेच आपली रीत बदलावी. भारत सरकारने २००६ साली गुरांसाठी हे औषध बंद केले. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांस टोचल्या जात, म्हणून २०१५ साली त्याही बंद झाल्या. मेलॉक्सिकॅम हे औषध गुरास गुण देते व गिधाडास अपाय करीत नाही. गुरांचा डॉक्टर आला म्हणजे तेच मागावे. आणि दुसरे वेदनाशामक टोचल्यावर जनावर मेले, तर ते खोल पुरावे.

विचारासाठी प्रश्न :
१. हत्तीस जे साधले ते गिधाडास का साधले नाही?
२. चांगल्या हेतूने केलेल्या कामाचे परिणाम कोणी तपासावे?
३. आपल्या गावी गुरांस कोणते औषध टोचतात?