तळ्याकाठी सोबतीला कोण?



या अंकातील पाठासाठी योहानकृत शुभवर्तमानाचा ५ वा अध्याय, वचने १ ते ९ घरी किंवा तरुण संघात एकत्र वाचावीत आणि मग पुढील मजकूर वाचावा, ही विनंती.

बेथेस्दा तळ्याची गोष्ट आपल्या परिचयाची आहे. तळ्याला पाच पडव्या होत्या आणि त्यांत आजारी माणसे पडून होती. त्यांतला एक ३८ वर्षांपासून आजारी होता. प्रभू येशूने त्याला विचारले, तुला बरे व्हायचे आहे का? त्या माणसाने हो किंवा नाही असे उत्तर दिले नाही. पाणी हलते तेव्हा मला तळ्यात उतरवायला माणूस नाही, मी पोहोचेपर्यंत दुसराच कोणी उतरतो, अशी अडचण त्याने सांगितली. पदविकेच्या वर्गात हा उतारा शिकताना आम्ही विश्वास आणि आज्ञापालन यांवर बरीच चर्चा केली होती. त्या माणसाच्या या उत्तराकडे मी फारसे लक्ष दिले नव्हते. गेल्या डिसेंबरात एका विद्यार्थिनीमुळे ते नव्याने वाचावे लागले.

खोली क्रमांक सातमधील मुलगी

तिच्या परवानगीने लिहीत आहे. तिचे नाव आणि महाविद्यालय मुद्दाम दिलेले नाही. ती नंदुरबार जिल्ह्यातील धडगावकडची, पावरा समाजातील. आश्रमशाळेत शिकून विज्ञान शाखेसाठी मुंबईत आली. दादरजवळच्या एका वसतिगृहात राहते आणि रविवारी संध्याकाळी आमच्या विद्यार्थी मेळाव्याला येते. लालबागेतील माझ्या घरापासून तिचे वसतिगृह चालत वीस मिनिटांवर आहे.

पहिल्या वर्षी महाविद्यालयात एनएसएसचे आरोग्य शिबिर झाले. तिचे हिमोग्लोबिन कमी भरले, तेव्हा लोहाच्या गोळ्या मिळाल्या. तिने त्या मुकाट्याने घेतल्या. आपल्याला सिकलसेल आहे, आश्रमशाळेतील तपासणीत ते निघाले होते आणि त्याचे कार्ड ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी आहे, हे तिने कोणालाच सांगितले नाही. गावाकडे असे कार्ड असले की मुलीच्या लग्नाची बोलणी थांबतात. इथे सांगितले तर "हिला झेपणार नाही" असे म्हणतील, ही दुसरी भीती.

डिसेंबरात परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका रात्री तिचा फोन आला. "ताई, मांड्या आणि पाठ फार दुखते." मी म्हणाले, "जागरण झाले असेल. बाम लाव, झोप, मी प्रार्थना करते. सकाळी बरे वाटले नाही तर दवाखान्यात जाऊन ये." मी प्रार्थना केली हे खरे आहे. पण कुठल्या दवाखान्यात, कोणाबरोबर, तिथे काय सांगायचे, यातले काहीच मी बोलले नाही. तिला काहीतरी "रक्ताचे" आहे हे मी एकदा तिच्या मैत्रिणीकडून ऐकले होते, पण त्याचीही चौकशी केली नव्हती.

सकाळी ती एकटीच एका रुग्णालयात गेली. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभी राहिली. रांग चुकीची निघाली आणि योग्य खिडकी सापडेपर्यंत केसपेपर काढण्याची वेळ संपली होती. ती परत आली आणि वेदनाशामक गोळ्या खाऊन अभ्यासाला बसली. चौथ्या दिवशी ताप, छातीत दुखणे आणि धाप. खोलीतल्या मैत्रिणींनी टॅक्सी करून तिला महापालिकेच्या एका रुग्णालयात अपघात विभागात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी गाव विचारले, मग विचारले, "सिकलसेलची तपासणी झाली आहे का?" त्या प्रश्नावर ती रडू लागली. नऊ दिवस ती भरती होती. दोन पेपर बुडाले.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले. धडगावहून एसटीने नंदुरबार आणि तिथून रात्रीच्या गाडीने मुंबई. फडक्यात मक्याच्या भाकरी बांधून आणल्या होत्या. त्यांनी कोणालाच दोष दिला नाही. मला एवढेच विचारले, "ताई, तुम्ही इथेच जवळ राहता ना?"

मी हो म्हणाले.

हा आजार काय आहे?

आदिवासी भागातील विद्यार्थ्यांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असले पाहिजे, म्हणून थोडक्यात सांगते. आपल्या लाल रक्तपेशी गोल आणि लवचीक असतात. सिकलसेल असलेल्या व्यक्तीच्या हिमोग्लोबिनमध्ये जन्मतः फरक असतो. त्यामुळे तिच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि कडक होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथे असह्य वेदना होतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही पेशी दहा-वीस दिवसांतच नष्ट होते, म्हणून रक्त कमी राहते. हे कमी रक्त आहारातील लोहाच्या कमतरतेमुळे आलेले नसते. म्हणून फक्त हिमोग्लोबिन मोजून लोहाच्या गोळ्या दिल्याने खरे कारण कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ततपासणी करावी लागते.

वाहक आणि रुग्ण यांत फरक आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा दोष आला तर मूल वाहक होते आणि सहसा निरोगी जगते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के असते. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे हा दोष टिकून राहिला, कारण वाहकाला तीव्र मलेरियापासून काही संरक्षण मिळते. यात शाप नाही, कोणाचे पाप नाही. आपल्या मंडळीतही कोणी तसे बोलले तर त्याला प्रेमाने पण स्पष्टपणे थांबवावे.

पहिला रुग्णही विद्यार्थीच होता

ती रुग्णालयात असताना मी या आजाराविषयी वाचू लागले आणि एका माहितीपाशी थांबले. वैद्यकीय ग्रंथांत ज्याच्या आजाराची नोंद सिकलसेल म्हणून प्रथम झाली, तो घरापासून दूर शिकायला आलेला एक महाविद्यालयीन विद्यार्थी होता. वॉल्टर क्लेमेंट नोएल हा वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरचा तरुण दंतवैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेत शिकागोला आला. १९०४ च्या डिसेंबरात धाप आणि अशक्तपणा घेऊन तो तिथल्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात गेला. अर्नेस्ट आयरन्स या शिकाऊ डॉक्टराने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. वाकड्या, लांबट पेशी पाहून त्याने आपले वरिष्ठ जेम्स हेरिक यांना दाखवल्या. पुढील काळात आयरन्सने या विद्यार्थ्याला वेळोवेळी तपासले आणि १९१० मध्ये हेरिक यांनी त्यावर लेख प्रसिद्ध केला. नोएलने १९०७ मध्ये शिक्षण पूर्ण केले, मायदेशी जाऊन दंतवैद्य म्हणून काम केले आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला.

त्या काळी या आजारावर औषध नव्हते. तरी कोणीतरी त्याचे रक्त नीट पाहिले, पुन्हा पुन्हा त्याची तपासणी केली आणि त्याचे शिक्षण पूर्ण झाले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये या दोषाची प्रथम नोंद झाली. आज आपल्याकडे तपासणी आहे, औषध आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातच राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली आणि सिकलसेलसारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर तिथे तपासणी व संशोधन होते. म्हणजे आपल्या मुलीच्या खोलीपासून तळे लांब नव्हतेच.

विद्यार्थ्यांसाठी

आपल्या मेळाव्यात आता पुढील गोष्टी आम्ही दर जूनमध्ये शिकवतो.

१. तुमचे सिकलसेल कार्ड ट्रंकेत ठेवू नका. त्याचा, आधारकार्डाचा आणि गावाकडच्या रेशनकार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. भरती व्हावे लागले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी कागदपत्रे लागतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना भेटा.

२. किमान एका खोलीमित्राला आणि एका मोठ्या माणसाला आजार सांगून ठेवा. साऱ्या वर्गाला सांगण्याची गरज नाही.

३. पाणी भरपूर प्या. मुली कॉलेजात स्वच्छतागृह चांगले नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. सिकलसेल असलेल्या मुलीला हे फार महागात पडते. पावसात भिजल्यावर ओल्या कपड्यांनी एसी वाचनालयात बसू नका. परीक्षेच्या काळात उपाशी राहू नका, जागरणे टाळा.

४. डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया सुरू केले असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, दुसऱ्याचे पाहून सुरूही करू नका. त्यासाठी ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. सुट्टीत गावी जाताना पुरेशा गोळ्या बरोबर घ्या.

५. नेहमीच्या तपासणीसाठी बाह्यरुग्ण विभागात सकाळी लवकर जा. पण ताप, छातीत दुखणे, धाप, हातापायाची ताकद अचानक जाणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा न थांबणारी वेदना असेल तर रांगेत उभे राहू नका. थेट अपघात विभागात जा, तो २४ तास उघडा असतो. परळ-दादरला केईएम, गिरगावकडून नायर किंवा जे. जे. जवळ पडते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत येते. पोहोचताच पहिले वाक्य हेच बोला: "मला सिकलसेल आहे."

६. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. पात्रतेनुसार प्रमाणपत्र मिळते. ते असल्यास परीक्षेतील सवलतींविषयी प्राचार्यांच्या कार्यालयात वेळेवर, म्हणजे परीक्षेच्या आधी, अर्ज करा.

मंडळीसाठी

बहुतेक महाविद्यालयांत प्रथमोपचार पेटी असते, कुठे एखादी खाट असते. वसतिगृहाच्या अधीक्षकांवर शेकडो मुलांचा भार असतो. शहरातील मुलाला ताप आला की आई केसपेपर काढते, वडील रांगेत उभे राहतात, मावशी डबा आणते. आपल्या डोंगरातील मुलाला सरकारी रुग्णालयात नाममात्र पैशांत तेच डॉक्टर मिळतात, पण हे तीन लोक नसतात. त्याला खिडकी सापडत नाही, मराठीही कधी कधी परकी वाटते आणि सकाळ निघून जाते.

परळ, लालबाग, दादर, गिरगाव येथील मंडळ्यांतून आम्हाला सध्या देणगीपेक्षा सकाळी मोकळी असलेली माणसे हवी आहेत. निवृत्त परिचारिका भगिनी असतील तर उत्तमच. पण रांगेत उभे राहायला आणि "घाबरू नको, मी आहे" म्हणायला शिक्षण लागत नाही. गेल्या जानेवारीपासून महिला मंडळाच्या चार भगिनींनी आळीपाळीने हे काम घेतले आहे. एका विद्यार्थ्याबरोबर एक ठरलेली भगिनी, तिचा नंबर मुलाच्या फोनमध्ये, आणि महिन्यातून एकदा तिच्या घरी जेवण. विद्यार्थ्याचा आजार तिने मंडळीच्या प्रार्थना सभेतही नाव घेऊन सांगायचा नाही, हा नियम आम्ही पहिल्याच दिवशी केला. मुले ट्रंकेतले कार्ड बाहेर काढतात ती याच भरवशावर.

ती मुलगी आता तिसऱ्या वर्षात आहे. बुडालेले पेपर दिले, पास झाली. दर तपासणीला तिच्याबरोबर यातल्या एक आजी जातात. आजी बाकावर बसून लोकर विणतात, ती नोट्स वाचते. मागच्या महिन्यात तिने आमच्या मेळाव्यात नव्या मुलांसमोर आपले कार्ड वर धरून दाखवले. त्या संध्याकाळी आणखी दोघांनी मला बाजूला बोलावून आपापले कार्ड दाखवले.

चर्चेसाठी प्रश्न

१. तळ्याकाठच्या माणसाने येशूला आपली कोणती अडचण सांगितली? आपल्या आसपास आज तीच अडचण कोणाची आहे?

२. "मी प्रार्थना करते" असे म्हटल्यावर आपण पुढे काय करतो? माझ्या चुकीसारखी एखादी आठवण तुमच्याकडे आहे का?

३. कोणी विश्वासाने सांगितलेला आजार आपल्या मंडळीत गुप्त राहतो का? राहत नसेल तर काय बदलावे?

४. आपल्या घरापासून चालत वीस मिनिटांच्या आत कोणते वसतिगृह आहे? तिथे राहणाऱ्या एका तरी विद्यार्थ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल तर पुढच्या रविवारी उपासनेनंतर तिथे जाऊन यावे. जाताना हातात काही खाऊ असला तर चांगलेच.