ई-मेलने आलेली मात्रा वाचताना

औषधाचा पाठ, दरपत्रक किंवा चर्चासत्रातील निबंध ई-मेलने येतो आणि अटॅचमेंट उघडावी तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, चौकोन व प्रश्नचिन्हे यांचा नुसता खच पडलेला दिसतो. शहापूर-मुरबाड भागातील वैद्य व औषधी दुकानदारांना या विषयाकडे दुर्लक्ष करणे आता परवडणारे नाही. शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी वनधन योजनेतून गोळा केलेली गुळवेल नामांकित औषध कंपन्यांकडे जात असल्याची माहिती केंद्र सरकारने 2021 मध्येच प्रसिद्ध केली होती. अशा व्यवहारांतील मागणीपत्रे, दर आणि प्रमाणपत्रे यांची ये-जा संगणकावरूनच होते.

निदानापूर्वी चिकित्सा नको, हा आपला नियम येथेही पाळावा. अक्षरांऐवजी केवळ रिकामे चौकोन दिसत असतील, तर बहुधा मजकूर शाबूत असून टंक अर्थात फॉन्ट तेवढा आपल्या संगणकावर नाही. हा विकार सुखसाध्य. डोक्यावर तिरकी रेघ असलेले लहान ‘ए’ हे चिन्ह ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल, तर युनिकोड मजकूर संगणकाने चुकीच्या संकेतप्रणालीत वाचला आहे. फाईल उघडताना ‘यूटीएफ-8’ हा पर्याय निवडला की तो पूर्ववत होतो. सर्वत्र प्रश्नचिन्हेच असतील, तर मात्र फाईल साठवताना किंवा पाठवतानाच मूळ अक्षरे नष्ट झालेली असतात. हा प्रकार असाध्य. प्रेषकाकडून मूळ फाईल पुन्हा मागवावी.

आपल्याकडे सर्वाधिक आढळणारा आणि सर्वाधिक घातक प्रकार मात्र चौथा. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश 1991 पासून आहे, विंडोज 2000 पासून ती सोय संगणकावरही आली; तरीही छापखान्यांतून व डीटीपीवाल्यांकडून कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या टंकांतील फाईली अद्याप येतात. या टंकांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी वळणे बसवलेली असतात. टंक नसला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. कृतिदेवमधील ‘त्रिफळा’ हा शब्द अशा वेळी एफ, बरोबरचे चिन्ह, क्यू, जी आणि के असा दिसतो.

शब्द वाचता येत नाहीत, म्हणून निदान आपण थांबतो. इंग्रजी आकडे मात्र जसेच्या तसे दिसतात आणि खरी फसगत तेथेच होते. कृतिदेवमध्ये दशांशचिन्ह हे इंग्रजी आडव्या रेघेच्या जागी आहे. त्यामुळे 2.5 हा आकडा टंकाविना 2-5 असा दिसतो. अडीच ग्रॅम लिहिलेले असताना वाचणारा दोन ते पाच समजतो! समजा, वत्सनाभयुक्त कल्पाची मात्रा 62.5-125 मि.ग्रॅ. अशी लिहिली आहे; पडद्यावर ती 62-5&125 अशी उमटेल. अर्धी रत्ती दाखवणाऱ्या 1/2 मधील तिरकी रेघही पालटते, तेथे ई-मेल पत्त्यातील गोल चिन्ह येते. संदर्भावरून अंदाज बांधण्याची सवय हस्तलिखित चिठ्ठ्या वाचणाऱ्या दुकानदारांस असतेच. वत्सनाभ, कुचला, भल्लातक यांच्याबाबत ती कामाची नाही. अर्धवट वाचता येणाऱ्या फाईलवरून औषध बनवू नये, देऊही नये.

उपाय म्हणजे प्रेषकाला टंकाचे नेमके नाव विचारून तोच टंक बसवणे. कृतिदेवमधील मजकुराला श्रीलिपीचा टंक लावून चालत नाही. अक्षरे देवनागरी दिसतात पण शब्द भलतेच होतात. मजकूर युनिकोडमध्ये पालटणारी साधने आहेत. तथापि ऱ्हस्व वेलांटी, रफार व जोडाक्षरे यांत त्यांची चूक होऊ शकते, म्हणून प्रत्येक द्रव्यनाम व आकडा मूळ प्रतीशी ताडून पाहावा. रुग्णाची माहिती असलेला कागद अनोळखी संकेतस्थळावर पालटण्यासाठी चढवू नये, हे वेगळे सांगायला नको.

किरकोळ तक्रारी आणखी काही आहेत. ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची फाईल आली, तर प्रेषकाच्या आउटलुकने अटॅचमेंट स्वतःच्या पद्धतीने गुंडाळली आहे असे समजावे व संदेश साध्या मजकुराच्या स्वरूपात पुन्हा पाठवण्यास सांगावे. आयफोनवरून आलेले वनस्पतीचे छायाचित्र ‘एचईआयसी’ प्रकारचे असल्यास ‘जेपीजी’ मागवावे. फाईलच्या नावापुढील प्रकारच गळला असेल, तर ती नोटपॅडमध्ये उघडावी. आरंभी टक्केचिन्ह व ‘पीडीएफ’ असेल तर ती पीडीएफ, ‘पीके’ असेल तर झिप किंवा वर्डची नवी फाईल.

पाठवणाऱ्यानेही काळजी घ्यावी. मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करून सोबत टंक अंतर्भूत केलेली पीडीएफ जोडावी. जुन्या टंकातील पीडीएफ डोळ्यांना नीट दिसते, परंतु तिच्यातील मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की पुन्हा तोच गोंधळ होतो. मात्रा आकड्यासोबत अक्षरीही लिहावी, धनादेशावर लिहितो तशी: 2.5 ग्रॅम, अडीच ग्रॅम. आणि विषारी द्रव्य असेल, तर दूरध्वनीवरून एकदा वाचून घ्यावे.