रजेनंतरचे कपाट

घरात बालकाच्या आगमनाची तयारी पुष्कळ आधीपासून सुरू होते. दुपटी, झबली, टोपडी, पाळणा, औषधपाणी यांच्या याद्या होतात. जावेकडचे, नणंदेकडचे सामान आठवणीने मागवून घेतले जाते. माता पुन्हा कामावर रुजू होईल त्या दिवसाची तयारी मात्र या यादीत सहसा नसते. रजा संपण्याच्या आदल्या रात्री ती आपले कपाट उघडते, तेव्हा ही उणीव प्रथम ध्यानात येते.

एक कल्पित, परंतु अनेक घरांत घडणारे उदाहरण पाहता येईल. इंदूरमधील एका खासगी कार्यालयाच्या लेखा विभागात काम करणारी एक मराठी महिला सहा महिन्यांच्या रजेनंतर कामावर निघते. ब्लाउजचे हूक लागत नाहीत. कुर्ता मुंढ्यात अडकतो. सलवारीचा नेफा नेमका शस्त्रक्रियेच्या व्रणावर टेकतो. ज्या दोन सुती साड्या सर्वांत मऊ होत्या, त्यांची केव्हाच दुपटी झालेली असतात. अंगाला होतील असे दोनच पोशाख उरतात, आणि दीड महिना ती तेच आलटून पालटून वापरते. घरात तिला कोणी नाही म्हटलेले नसते. बाळाचे दूध, लसी, पाळणाघराचे शुल्क यांपुढे स्वतःच्या कपड्यांचा विषय काढणे तिलाच प्रशस्त वाटत नाही. पुढे दिवाळीच्या सुमारास, साठून राहिलेल्या संकोचाच्या भरात, एका दुपारी १४,००० रुपयांची खरेदी क्रेडिट कार्डावर होते. त्यातील निम्मे कपडे ‘बारीक झाल्यावर होतील’ या आशेने एक माप लहान घेतलेले असतात.

आधीची काटकसर आणि नंतरची उधळण या दोन्हींचे मूळ एकच आहे. कामावर जाण्याचे कपडे हा घरखर्चातील एक रीतसर भाग आहे, असे कोणी मानलेलेच नव्हते. जी गोष्ट अंदाजपत्रकात नसते, ती एक तर टाळली जाते, नाही तर कर्जाच्या वाटेने घरात येते.

शरीराला वेळ, खरेदीला क्रम

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे करण्यात आली. त्यामुळे अनेक माता बाळ पाच-सहा महिन्यांचे असताना कामावर परततात. गर्भाशय पूर्वस्थितीला येण्यास साधारणतः सहा आठवडे लागतात. परंतु कंबर, पोट आणि छाती यांची मापे त्यानंतरही कित्येक महिने बदलत राहतात. स्तनपान चालू असेपर्यंत छातीचे माप एक असते, ते थांबल्यावर दुसरे होते. काही स्त्रियांची पावलेही गरोदरपणात थोडी वाढतात आणि ती वाढ कायम राहते, म्हणून जुनी चप्पल बोचू लागते.

यावरून दोन नियम निघतात. पहिला, रुजू होताना संपूर्ण कपाट नव्याने भरू नये, कारण आजचे माप सहा महिन्यांनी राहीलच असे नाही. दुसरा, जे थोडे घ्यायचे ते आजच्या शरीराच्या मापाचे घ्यावे. भविष्यातील मापासाठी आज दिलेला पैसा कपाटात पडून राहतो आणि दररोज सकाळी डोळ्यांना टोचतो.

आधी मोजदाद, मग दुकान

खरेदीपूर्वी एक दुपार मोजदादीसाठी राखून ठेवावी. शक्यतो रजा संपण्याच्या महिनाभर आधी सर्व कपडे बाहेर काढून प्रत्येक पोशाख अंगात घालून पाहावा आणि चार वाटे करावेत : जसेच्या तसे वापरता येणारे, उसवून सैल करता येणारे, वर्षभराने पुन्हा पाहायचे, आणि कायमचे निरोप द्यायचे. तिसरा वाटा डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवावा, मात्र त्या गोळ्या आणि ती ट्रंक बाळापासून दूर असावी. चौथ्या वाट्यातील चांगले कपडे जावा-बहिणींकडे द्यावेत, उरलेले बोहारणीला.

त्यानंतर आठवड्याचा हिशेब मांडावा. बँकांना दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुट्टी असली तरी बाकीच्या आठवड्यांत सहा दिवस काम असते. बाळ असलेल्या घरात धुणे आधीच दुप्पट होते, आणि पावसाळ्यात ते वेळेवर वाळतही नाही. म्हणून सहा दिवसांचे सहा आणि अडीअडचणीचा एक, असे सात पोशाख पुरेसे होतात. ते सर्व वेगवेगळे असण्याची आवश्यकता नाही. चार कुर्ते आणि त्या चारींवर शोभतील अशा दोन सलवारी किंवा विजारी असल्या, तर आठ जोड्या तयार होतात. खालच्या कपड्यांचा रंग काळा, गडद निळा किंवा तपकिरी ठेवल्यास हे सहज साधते.

शिवणातील माया

शिवणकामात शिलाईच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात, त्याला मराठीत ‘माया’ म्हणतात. जुन्या वळणाचे शिंपी ब्लाउजला दोन्ही बाजूंनी इंच-दीड इंच माया सोडत असत आणि दोन-तीन समांतर शिलाया मारून ठेवत असत. अशा ब्लाउजची बाहेरची एक शिलाई राखून आतल्या शिलाया उसवल्या की तो लगेच सैल होतो. माया नसेल, तर बगलेखाली त्याच किंवा जुळत्या रंगाच्या कापडाची पट्टी बसविता येते. हात खाली असताना ती दिसतही नाही. सलवारीच्या नेफ्यातील अरुंद नाडी काढून रुंद इलॅस्टिक घातल्यास व्रणावरचा दाब कमी होतो. परकराची नाडीही करकचून बांधण्याऐवजी नेफा रुंद करून घ्यावा.

या कामांना नवीन कपड्याच्या किमतीचा लहानसा अंश लागतो. एक काळजी मात्र घ्यावी : सर्व कपडे एकदम न देता प्रथम एकच ब्लाउज द्यावा, तो अंगात नीट बसला की त्याच मापाने बाकीचे करून घ्यावेत. नवीन कापड शिवायला टाकताना ते आधी पाण्यात भिजवून वाळवावे, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. पुढील वेळेस शिवताना ‘माया भरपूर सोडा’ असे शिंप्याला आवर्जून सांगावे.

ज्या कार्यालयांत साडी चालते, तेथे एक मोठी सोय हाताशी असते. साडेपाच मीटरची साडी शरीराच्या मापाबरोबर बदलत नाही. बदलतो तो केवळ ब्लाउज. लग्नात आणि डोहाळजेवणात आलेल्या साड्यांपैकी ज्या साध्या आहेत, त्या रोजच्या वापरात आणाव्यात. काळा, तांबडा आणि बदामी असे तीन ब्लाउज आजच्या मापाचे शिवून घेतले, तर दहा-बारा साड्या पुन्हा वापरात येऊ शकतात.

नवीन काय घ्यावे

पैसा मर्यादित असताना तो अंगालगतच्या कपड्यांपासून खर्च करावा. योग्य मापाची अंतर्वस्त्रे नसतील, तर वरचा कोणताही कपडा नीट बसत नाही. स्तनपान करणाऱ्या मातेसाठी समोरून उघडणारी अंतर्वस्त्रे आणि समोर बटणे असलेले कुर्ते सोयीचे ठरतात. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात दोनदा स्तनपानासाठी जादा विराम मिळण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची तरतूदही २०१७ च्या दुरुस्तीने करण्यात आली. या सवलतींचा लाभ घेताना पाठीमागे बटणे असलेला पोशाख अडचणीचा होतो, हे दुकानातच आठवले पाहिजे.

वस्तू स्वस्त की महाग, हे केवळ चिठ्ठीवरील किमतीवरून ठरवू नये. ७५० रुपयांचा कुर्ता आठवड्यातून एकदा, असा वर्षात ५० वेळा घातला, तर प्रत्येक वेळेचा खर्च १५ रुपये पडतो. ३,००० रुपयांची साडी वर्षात तीनच वेळा नेसली गेली, तर तो १,००० रुपये पडतो. कराचाही विचार करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्याहून महाग कपड्यांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यामुळे २,४०० रुपयांचा कपडा करासह २,५२० रुपयांना, तर २,६०० रुपयांचा ३,०६८ रुपयांना पडतो. मूळ किमतीतील २०० रुपयांचे अंतर हाती येईपर्यंत ५४८ रुपयांचे होते.

बदलीमुळे परप्रांतात राहणाऱ्या कुटुंबांनी त्या त्या हवेचा आणि बाजाराचा लाभ घ्यावा. चेन्नई किंवा कोलकात्याच्या दमट हवेत सुती कपड्यांना पर्याय नाही. लखनौ किंवा दिल्लीच्या थंडीत एक चांगला स्वेटर किंवा शाल सर्व पोशाखांवर चालते. तामिळनाडूत १९३५ पासून कार्यरत असलेली को-ऑपटेक्स, पश्चिम बंगालमधील तंतुज, केरळमधील हँटेक्स, मध्य प्रदेशातील मृगनयनी यांच्या दुकानांत हातमागाचे टिकाऊ कापड मिळते. खादी भांडारांत गांधीजयंतीच्या सुमारास सूट असते. कापड त्या काळात घेऊन शिलाई सवडीने करता येते.

डागांविषयी थोडेसे

बाळाला कडेवर घेऊन निरोप घेतानाच खांद्यावर दुधाची गुळणी पडते, हा प्रत्येक मातेचा अनुभव. दुधाचा डाग प्रथम थंड पाण्याने धुवावा; गरम पाण्याने त्यातील प्रथिने धाग्यात घट्ट बसतात. हळदीच्या डागाला साबण लागताच तो लाल होतो, म्हणून घाबरू नये. साबणाने धुऊन कापड उन्हात वाळविले की तो रंग फिका पडत जातो. बारीक छापाच्या कापडावर लहान डाग दिसत नाहीत, त्यामुळे पहिल्या वर्षात सपाट फिकट रंगांपेक्षा असे कापड बरे. घरातील सर्व कामे गाउनवर उरकून बाहेरचा पोशाख अगदी शेवटी घालण्याची सवय सर्वांत स्वस्त उपाय होय.

पैशांची तजवीज

इंदूरच्या त्या उदाहरणाकडे पुन्हा वळता येईल. १४,००० रुपयांच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले, तर महिन्याचे व्याज ४९० रुपये होते. किमान देय रक्कम पाच टक्के, म्हणजे ७०० रुपये भरली, तर मुद्दलातून केवळ २१० रुपये वजा होतात; व्याजावरील कर निराळाच. शिवाय बाकी शिल्लक असताना त्या कार्डावरील नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

याउलट, गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यापासून दरमहा ५०० रुपयांची आवर्ती ठेव सुरू केली, तर रुजू होण्याच्या सुमारास वर्ष पूर्ण होऊन ६,००० रुपये मुद्दल आणि वर व्याज हाती येते. गावोगावचे भाव वेगळे असले तरी या रकमेची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल :

रुजू होण्यापूर्वी : कपडे सैल करून घेणे ६०० रुपये, तीन अंतर्वस्त्रे ९०० रुपये, दोन सलवारी किंवा विजारी ९०० रुपये.

पहिल्या महिन्यात : समोर बटणे असलेले दोन सुती कुर्ते १,४०० रुपये.

तिसऱ्या महिन्यात : मापाची, न घसरणारी चप्पल किंवा बूट ९०० रुपये.

उरलेले १,३०० रुपये : स्तनपान थांबून माप स्थिरावल्यानंतर नवे ब्लाउज शिवण्यासाठी राखीव.

ज्यांना आधी ठेव सुरू करता आली नाही, त्यांनीही हाच क्रम ठेवावा आणि प्रत्येक टप्पा त्या त्या महिन्याच्या पगारातून करावा. कामे थोडी लांबतील, पण व्याज द्यावे लागणार नाही. बाळाच्या बारशाला पाकिटांतून येणाऱ्या रकमेचा लहानसा भाग मातेच्या नावे वेगळा ठेवण्यासही हरकत नसावी.

हा निर्णय मात्र तिने एकटीने, संकोचाने घ्यावा अशी वेळ घराने येऊ देऊ नये. महिन्याच्या खर्चाची यादी करताना पतीने किंवा सासूबाईंनीच ‘तुझ्या कामाच्या कपड्यांचे किती धरायचे?’ असे विचारले, तर अर्धे काम होते. ज्या पगारातून पाळणाघराचे शुल्क आणि घराचा हप्ता जातो, तो पगार मिळविण्यासाठी तिला दररोज चारचौघांत उभे राहावे लागते. ताठ मानेने उभे राहता यावे एवढी तरतूद चैनीत मोडत नाही. ती घरखर्चाच्या वहीत, दूध आणि किराण्याच्या ओळीखालीच लिहिली गेली पाहिजे.