ऑपरेशनच्या रात्रीची झोप

अगं सुमे, स्तनातल्या गाठीबद्दल घरात सगळे बोलले, भुलेबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. “झोपवतील आणि उठवतील, त्यात काय!” असं तूही म्हणालीस. तर ऐक. भूल म्हणजे झोप नव्हे. तीन तास बेशुद्ध राहून शरीराची झोप भरून निघत नाही. उलट पहिली रात्र बहुतेकींची तळमळतच जाते. दुखतं, मळमळतं, जखमेतली नळी ओढल्यासारखी वाटते आणि वॉर्डातले दिवे काही विझत नाहीत.

यातलं दुखणं आणि मळमळ मात्र भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात असतं. ऑपरेशननंतर उलट्या कुणाला होणार याचा अंदाज ते चार गोष्टींवरून बांधतात: बाई असणं, सिगारेट न ओढणं, गाडी लागणं आणि नंतर मॉर्फिनच्या जातीची औषधं मिळणं. पहिल्या तीन तुझ्या पदरात आहेतच. कसारा घाट आला की पिशवी शोधणारी तू! चौथी मात्र कमी करता येते. ही औषधं दुखणं थांबवतात खरी, पण गाढ झोप आणि स्वप्नांची झोप दोन्ही पातळ करतात.

म्हणून ‘ब्लॉक’बद्दल विचार. पूर्ण भूल मिळतेच, पण सोबत पाठीच्या मणक्याशेजारी किंवा छातीच्या स्नायूंच्या थरांत, सोनोग्राफीवर बघत बघत, बधिर करणारं औषध सोडतात. छातीची ऑपरेशनची बाजू काही तास, कधी कधी दुसऱ्या सकाळपर्यंत बधिर राहते. गंमत अशी की संध्याकाळी इतकं बरं वाटतं की बायका गोळी नाकारतात. मग मध्यरात्री ब्लॉक उतरतो आणि कळ अशी येते की विचारू नकोस. तू तसं करू नकोस. लिहून दिलेली गोळी दुखायच्या आधी, वेळेवर घे.

पूर्ण भूल वायूची की शिरेतून जाणाऱ्या दुधाळ प्रोपोफॉलची, हेही विचार. प्रोपोफॉलने उलट्या कमी होतात. झोपेत काकणभर फरक पडतो असं काही अभ्यास म्हणतात, पण त्यावर पैज लावू नये. उलटी थांबवायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड बरेचदा देतात. त्याने एखादीचा रात्री डोळा लागत नाही, तेव्हा घाबरू नकोस.

“चुकीच्या भुलेने कॅन्सर परत येतो म्हणे,” असं कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय ना? 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या दोन हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास आला. अर्ध्यांना ब्लॉक आणि प्रोपोफॉल, अर्ध्यांना वायू आणि मॉर्फिनच्या जातीची औषधं. आजार परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे दहा टक्क्यांच्या आसपासच. वर्षभराने उरणारं दुखणंही सारखंच. तेव्हा ब्लॉक घ्यायचा तो पहिला दिवस-रात्र सुसह्य व्हावा म्हणून, चमत्कारासाठी नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या रात्री चित्रविचित्र स्वप्नं पडतील. हुकलेली झोप शरीर वसूल करतं, एवढंच. पाठीवर नाहीतर चांगल्या कुशीवर झोप, ऑपरेशनच्या बाजूच्या हाताखाली मऊ उशी घे. दुपारी डुलकी छोटीच काढ. भेटायला येणाऱ्यांना चार दिवस थांबवायचं काम माझ्याकडे.

आणि एक, भुलेच्या तपासणीला जाशील तेव्हा भिडस्तपणा घरी ठेव. गाडी लागते, रात्रीची झोपेची गोळी चालू आहे, आईच्या ऑपरेशनच्या वेळी भुलेनंतर काय झालं होतं, सगळं सांग. घोरतेस हेही सांग, हसू नकोस. झोपेत श्वास अडखळणाऱ्यांना मॉर्फिनसारखी औषधं जपून द्यावी लागतात. “मला ब्लॉक देता येईल का?” हा प्रश्न कागदावर लिहून ने आणि उत्तर ऐकल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस.