लिनक्सवर विमान उडविण्याकरितां लॅपटॉप कसा निवडावा

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील चाकण येथील कारखान्यांत नोकरीस आहेत. दिवाळीच्या बोनसांत कित्येक महिन्यांच्या ओव्हरटाइमचे पैसे घालून त्यांनीं मुलास लॅपटॉप घेऊन दिला. मुलास वैमानिक होण्याची मनीषा. म्हणून त्यानें त्यावर लिनक्स ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली व फ्लाइटगिअर हें उड्डाणाचें विनामूल्य सॉफ्टवेअर बसविलें. लोहगांवच्या धावपट्टीवर विमान उभें राहिलें खरें, परंतु सेकंदास दोनतीनच चित्रें उमटत. दुकानदार यंत्र परत घेईना. निरुपायानें वडील तें निम्म्या किंमतीस विकावयास निघाले होते.

उड्डाणाची जमिनीवरील नक्कल ही नवी कल्पना नव्हे. १९२९ सालीं एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थानें वैमानिकांकरितां शिक्षणयंत्र तयार केलें. त्याच्या वडिलांचा ऑर्गन व पियानो बनविण्याचा कारखाना होता. तेव्हां प्रार्थनामंदिरांतील ऑर्गनास हवा पुरविणाऱ्या भात्यांसारखेच भाते लावून त्यानें आपलें लटकें विमान डोलविलें. आज भात्यांचें काम गणित करतें.

हें गणित दोघे मिळून करितात. वाऱ्याचा दाब, पंखांची उचल, इंजिनाचा जोर यांचा हिशेब मुख्य प्रोसेसर ठेवतो. डोंगर, नद्या व ढग यांचें चित्र ग्राफिक्स चिप काढते. सेकंदास ३० चित्रें हवीं असतील तर एका चित्रास सुमारें ३३ सहस्रांश सेकंद मिळतात. फ्लाइटगिअरचा बराचसा हिशेब एकाच कोअरवर चालतो. म्हणून कोअर किती आहेत यापेक्षां एक कोअर किती वेगवान आहे हें आधीं पाहावें. मेमरी १६ जीबी असावी. ८ जीबींत ओढाताण होते. भूप्रदेशाचीं चित्रें जेथें उडावें तेथलींच उतरून घेतां येतात, तेव्हां साठवणुकीस ५१२ जीबीची एसएसडी पुष्कळ झाली.

खरी मेख ड्रायव्हरची. (कारखान्यांच्या गांवांत सांगावयास हवें कीं, हा ड्रायव्हर गाडी हांकणारा नव्हे, चिपेस कार्यप्रणालीची भाषा समजावून देणारा दुभाषा होय.) इंटेल व एएमडी यांचे दुभाषे बहुधा लिनक्सबरोबरच येतात, एनव्हिडियाचा निराळा बसवावा लागतो. चिप अगदीं नवी व लिनक्सची आवृत्ति जुनी असल्यास ओळखच पटत नाहीं. मग सर्व चित्रें बिचाऱ्या मुख्य प्रोसेसरास काढावीं लागतात. आमच्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपांत हेंच घडलें होतें! नवी आवृत्ति व योग्य ड्रायव्हर बसवितांच चित्रें चाळिसांवर गेलीं. एक रुपयाही लागला नाहीं.

यास्तव पालकांस विनंती कीं, पैसे मोजण्यापूर्वीं लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह दुकानांत न्यावा. त्यावरून यंत्र सुरू करावें. दुकानदाराच्या डिस्कला धक्का लागत नाहीं. पडदा, ध्वनि, वायफाय चालतात काय, आणि ग्राफिक्स चिपेचें नांव माहितीच्या पानावर दिसतें काय, हें पाहावें. दुकानदार नाहीं म्हणाला तर दुकानें पुष्कळ आहेत.

उष्णतेचाही विचार करावा. एप्रिलांत पत्र्याखालीं यंत्र तापलें कीं तें आपण होऊन मंद होतें. पातळ व देखण्या यंत्रांस हा त्रास विशेष. जमल्यास अर्धा तास, विजेची वायर जोडून, चालवून पाहावें. कचेरींतून निघालेलें जुनें यंत्र अभ्यासास उत्तम. मात्र त्यांत बहुधा स्वतंत्र ग्राफिक्स चिप नसते, म्हणून ढग व झाडें कमी करून उडावें लागतें.

विकण्याचा बेत अर्थात् राहिला. परवां त्या मुलानें वडिलांस शेजारीं बसवून सेस्ना १७२ लोहगांवाहून पश्चिमेकडे उडविलें, उजवीकडे वळविलें आणि आळंदीपाशीं इंद्रायणी ओलांडून आठएक मिनिटांत चाकण गांठलें. वडील पडद्यावर आपल्या कारखान्याचें छप्पर शोधीत होते. तेथें नुसतीं शेतें दिसत होतीं.